छातीतली हलगी

आधी एक प्रश्न. बाईंनी तोंडी परीक्षेला तुमचं नाव पुकारलं, किंवा स्नेहसंमेलनात पडद्यामागून पुढे यायची वेळ झाली, की तुमच्या छातीत काय होतं?

धडधड. बरोबर? घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. आणि त्यात भर म्हणजे, आपण एकटेच घाबरलोय, बाकीचे सगळे कसे निवांत आहेत, असं वाटत राहतं.

आता एका धाडसी माणसाची गोष्ट ऐका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत रायफल घेऊन उभा होता. प्रकार होता ५० मीटर थ्री पोझिशन. म्हणजे आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. लक्ष्य ५० मीटर दूर, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद. पहिल्या दोन पोझिशनमध्ये स्वप्नील पदकाच्या जागेवर नव्हता. उभं राहून नेम धरायची वेळ आली आणि तो एकेक पायरी वर सरकत तिसरा आला. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक! खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं होतं. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं. आणि हे खाशाबाही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले.

सामना संपल्यावर स्वप्नीलने पत्रकारांना काय सांगितलं, माहीत आहे? पोटात कालवाकालव होत होती, म्हणून त्याने काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा घेतला होता. छातीचे ठोके फार जोरात पडत होते. आणि त्याने सगळं लक्ष श्वासावर ठेवलं होतं.

म्हणजे जगातल्या पहिल्या तिघांत आलेल्या माणसाचंही अगदी तुमच्यासारखंच झालं होतं! त्याने सांगितलेल्या या तीन गोष्टी, पोट, ठोके आणि श्वास, धरून आपण आज शरीराच्या आत शिरायचं आहे.

आत हलगी कोण वाजवतं?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कधी कुस्ती पाहिलीय? राजर्षी शाहू महाराजांनी हे मैदान बांधलं, १९१२ साली ते पुरं झालं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती हजारो माणसं. जोड ठरते, हलगी कडाडते आणि बघणाऱ्यांच्याही अंगात वारं शिरतं. पैलवान शड्डू ठोकतो.

अशीच एक हलगी आपल्या शरीरात आहे. ती वाजवायचा हुकूम मेंदूतून सुटतो.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो. डोळे आणि कान जे टिपतात त्यात काही धोक्याचं आहे का, हे तो सतत तपासतो. समोर साप असो, भुंकणारं कुत्रं असो किंवा गणिताचा पेपर असो, हा भाग फार विचार करत बसत नाही. शंका आली की लगेच शेजारच्या अधश्चेतकाला कळवतो. अधश्चेतक म्हणजे हायपोथॅलॅमस. शरीराचा आतला कारभार हाच सांभाळतो. तो ताबडतोब चेतातंतूंमार्फत हृदयाला, फुप्फुसांना, पोटाला आणि त्वचेला निरोप पाठवतो. ज्या तंतूंमधून हा ‘उठा, तयार व्हा’ असा निरोप जातो, त्यांना अनुकंपी चेतासंस्था म्हणतात.

आता एक गंमत ऐका. आपल्या हृदयाला ठोके द्यायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्यातच ठोक्यांचा ताल ठरवणाऱ्या पेशी आहेत. मोठ्या माणसाचं हृदय त्याच्या त्याच्यावर सोडलं, एकही चेतातंतू जोडलेला नसला, तरी ते मिनिटाला साधारण १०० ठोके देत राहील. मग बसल्या जागी आपले ठोके त्याहून कमी, सत्तरच्या आसपास, कसे असतात? कारण व्हेगस नावाची एक लांबलचक चेता हृदयाला दिवसभर ‘हळू, जरा हळू’ असं सांगत असते. मेंदूच्या तळातून निघून ती मानेतून छातीत आणि तिथून थेट पोटापर्यंत उतरते.

धोका दिसला की सगळ्यात आधी व्हेगस आपलं ‘हळू, हळू’ थांबवते. त्यामुळे पहिल्या एक-दोन ठोक्यांतच हृदयाचा वेग वाढतो. मग अनुकंपी तंतू जोर लावतात आणि वेग आणखी चढतो.

पाठोपाठ येतं ॲड्रेनॅलिन. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मोठ्या माणसातसुद्धा तिचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मेंदूकडून आलेला तंतू थेट तिच्या आतल्या भागाशी जोडलेला असतो. हुकूम येताच ती रक्तात ॲड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप, सोडते. तंतूंमधला निरोप झटपट पोचतो, पण ज्या अवयवाला तार जोडलेली आहे तिथेच जातो. संप्रेरक मात्र रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. शांत बसलेल्या माणसाच्या रक्ताला शरीराची एक फेरी मारायला साधारण एक मिनिट लागतं. हृदय जोरात चालू असेल तर त्याहूनही कमी.

ॲड्रेनॅलिन पोचलं की काय काय घडतं बघा. श्वासनलिका रुंद होतात, जास्त हवा आत येते. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. हातापायांच्या स्नायूंकडे जादा रक्त वळतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अंगावर काटा येतो. मांजराचं शेपूट फुगतं ते याच कारणाने. फुगलेलं मांजर शत्रूला मोठं दिसतं. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण काटा मात्र अजून येतो.

रक्तातलं निम्मं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत नाहीसं होतं. तरी थोडा अंमल मागे राहतोच. म्हणून तर भाषण संपवून, टाळ्या घेऊन आपण जागेवर येऊन बसलो तरी हात थोडा वेळ थरथरत असतात!

काळ्या चहाचं रहस्य

आता पोटाकडे वळू. स्वप्नीलला सकाळी घास का उतरला नाही?

याचा शोध एका मांजराने लावून दिला. १८९७ च्या सुमाराची गोष्ट. एक्स-रे नुकतेच माहीत झाले होते. अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी प्राण्यांना खाऊ घालून एक्स-रेने त्यांच्या जठराची हालचाल बघत होता. जठर एका लयीत आकुंचन पावायचं, अन्न घुसळायचं. पण मांजर बिथरलं की ती हालचाल एकदम बंद! मांजर शांत झालं की पुन्हा सुरू.

कॅनन चकित झाला. भीती मनात, मग पोट का थांबलं? पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्याने या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठलाग केला आणि १९१५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं होतं, प्राण्याला संकटात एकतर लढायचं असतं किंवा पळायचं असतं. त्या वेळी जेवण पचवणं हे काही घाईचं काम नव्हे. म्हणून शरीर पोटाचं काम तात्पुरतं थांबवतं आणि रक्त स्नायूंकडे पाठवतं. लाळही कमी सुटते, म्हणून घशाला कोरड पडते.

तेव्हा परीक्षेच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नसतील, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या शरीराला वाटतंय की आज वाघाशी गाठ आहे. त्याला कुठे ठाऊक, की आज भूगोलाचा पेपर आहे!

पैलवानाला हवी, नेमबाजाला नको?

ही हलगी पैलवानाच्या फार कामाची. समोरचा पट काढायला वाकला की क्षणात उत्तर द्यायला हवं. स्नायूंना रक्त हवं, साखर हवी, हवा हवी, आणि हे सगळं ॲड्रेनॅलिन पुरवतं. वस्तादांनी मेहनत करून घेतलेली असते, ती ताकद बाहेर काढायला ही हलगी मदत करते.

पण कोल्हापूर हे पैलवानांइतकंच नेमबाजांचंही गाव आहे. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पोटावर झोपून नेम धरायच्या, प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही ६०० पैकी ५९७ गुणांनी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राहीचा सामना कसा झाला, ते तर ऐकाच. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या खेळाडूचे गुण सारखे, प्रत्येकी ३४. मग पाच-पाच गोळ्यांचं शूट-ऑफ. त्यातही बरोबरी! पुन्हा शूट-ऑफ, आणि त्यात एका गुणाने राही जिंकली. त्या वेळी तिच्या छातीत काय वाजत असेल, कल्पना करा.

नेमबाजाची अडचण इथेच आहे. रायफलच्या नळीचं टोक मिलिमीटरभर हललं तरी ५० मीटरवर गोळी काही सेंटिमीटर भरकटू शकते. हाताचं कापरं सोडाच, छातीचा एकेक ठोकासुद्धा रायफलला बारीकसा धक्का देतो. पैलवानाला ज्या जोराची मदत होते, तोच जोर इथे आडवा येतो.

मग ठोके कमी करणारी गोळी घेतली तर? अशी औषधं आहेत. ‘बीटा ब्लॉकर’ म्हणतात त्यांना. ॲड्रेनॅलिन हृदयावर जिथे येऊन चिकटतं, ती जागा ही औषधं अडवून ठेवतात. हृदयाच्या काही रोगांत डॉक्टर ती देतात. नेमबाजीत मात्र त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाच्या शरीरात असं औषध सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली.

म्हणजे औषध चालत नाही, आणि ‘घाबरू नकोस’ असं हृदयाला नुसतं सांगून ते ऐकत नाही. मग स्वप्नीलने काय केलं? त्याने तिसरी गोष्ट सांगितली होती, आठवतंय? श्वास.

श्वासाची चावी

हृदयाला ‘थांब’ म्हणून पाहा. नाही थांबणार. पोटाला ‘पचव’ म्हणा. ऐकणार नाही. ही सगळी कामं आपल्या हुकमाबाहेरची. पण श्वास हा एक विलक्षण अपवाद आहे. झोपेत तो आपोआप चालतो, आणि जागेपणी मनात आणलं तर आपण तो सावकाश करू शकतो, लांबवू शकतो. आपोआप चालणाऱ्या कारभारात शिरायचा हा एक दरवाजा आपल्या हातात आहे.

आणि त्या दरवाजातून आपण थेट व्हेगसपर्यंत पोचतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा व्हेगसचं ‘हळू, हळू’ जरा मंदावतं आणि ठोके किंचित भराभर पडतात. श्वास बाहेर सोडतो तेव्हा व्हेगस पुन्हा जोर धरते आणि ठोके संथ होतात. श्वास सोडणं जितकं सावकाश, तितका तिला जास्त वेळ मिळतो. व्हेगस ज्या शांतवणाऱ्या यंत्रणेची मुख्य चेता आहे, तिचं नाव परानुकंपी चेतासंस्था.

नेमबाज नेमका याचाच सराव करतात. श्वास सोडायचा, आणि पुढचा श्वास घेण्याआधी जो छोटासा विसावा येतो, त्यात चाप हळूच दाबायचा. सरावलेल्या नेमबाजांचं हृदय चाप दाबण्याआधीच्या काही सेकंदांत मंदावतं, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे.

व्हेगस हृदयाला मंद करते ती कशी, याचा शोध तर एका स्वप्नातून लागला! ऑस्ट्रियात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला. सकाळी बघतात तो स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं. या वेळी त्यांनी कागद शोधला नाही. उठून तडक प्रयोगशाळा गाठली. त्यांनी बेडकाची दोन हृदयं खारट पाण्यात ठेवली, दोन्ही धडधडत होती. पहिल्याची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. आणि तेही मंदावलं! म्हणजे व्हेगसच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरत होतं. १९२१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे १९३६ साली लोवींना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन.

*करून पाहा:* शांत बसा. मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच ठेवा. ठोके लागले? ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आता मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. श्वास कोंडून धरायचा नाही. असे दहा श्वास झाले की बोटांकडे नीट लक्ष द्या. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांब जातात, हे जाणवतं का? लहान मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा जास्त स्पष्ट असतो. म्हणजे या प्रयोगात तुम्ही आजोबांना सहज हरवाल!

दुसरा निरोप, जरा सावकाशीचा

ॲड्रेनॅलिन झटपट येतं आणि झटपट जातं. पण संकट लांबलं तर? त्यासाठी शरीराने दुसरी तजवीज केली आहे.

अधश्चेतक एक रासायनिक निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला देतो. ती रक्तातून दुसरा निरोप अधिवृक्क ग्रंथीला धाडते. मग त्या ग्रंथीच्या बाहेरच्या भागातून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं. एवढ्या मजला काढत निरोप जातो, म्हणून वेळ लागतो. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल सगळ्यात वर पोचतं. शरीराला साखरेचा पुरवठा होत राहावा, हे त्याचं मोठं काम. रोज पहाटेही ते वाढतं, म्हणून तर आपण उठून कामाला लागतो. मध्यरात्रीच्या सुमाराला ते सगळ्यात कमी असतं.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट पुढे आहे. कॉर्टिसॉल रक्तातून फिरत फिरत मेंदूत पोचतं आणि अधश्चेतकालाच सांगतं, ‘पुरे आता, आणखी पाठवू नकोस.’ हलगी वाजवणारा जसा कुस्ती निकाली झाली की हात थांबवतो, तसंच हे. वाजवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच थांबवणंही.

पण काळजी संपतच नसेल तर थांबवायला सवड मिळत नाही. कोल्हापूरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?’ ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदी ५५ फुटांच्याही वर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा गावांतल्या लोकांना घरदार सोडावं लागलं. जनावरांचं काय झालं असेल, भांडीकुंडी, वह्यापुस्तकं राहिली असतील का, पाणी कधी उतरेल, हा घोर एका रात्रीत संपणारा नव्हता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला.

अशा वेळी शरीरातली तयारी दिवसेंदिवस चालू राहते. मग झोप उडते. वाचलेलं लक्षात राहत नाही. रोगांशी लढायची ताकद कमी पडते, सर्दीखोकला लवकर धरतो. चिडचिड होते. पुरासारखं संकट नसलं तरी असं होऊ शकतं. घरातली भांडणं, वर्गात कुणी सतत त्रास देणं, मार्कांची न संपणारी भीती, यांनीही तेच होतं. कॉर्टिसॉल स्वतः वाईट नाही, ते नसेल तर माणूस आजारी पडतो. पण त्याला उतरायला वेळ मिळायला हवा. रात्रीची पुरेशी झोप, मैदानावरचा खेळ, मनापासून हसणं, यांनी तो मिळतो.

आईचा फोन

शेवटी एक प्रयोग सांगायलाच हवा. २०१० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना अनोळखी माणसांसमोर उभं केलं, भाषण करायला लावलं आणि गणितं सोडवायला दिली. सगळ्यांच्या छातीत धडधडलं, कॉर्टिसॉल वाढलं. मग त्यांचे तीन गट केले. एका गटातल्या मुलींना आईने जवळ घेतलं. दुसऱ्या गटातल्या मुली आईशी फक्त फोनवर बोलल्या. तिसऱ्या गटाने एक शांत सिनेमा पाहिला.

काय झालं असेल? आईच्या कुशीत गेलेल्या मुलींचं कॉर्टिसॉल भराभर उतरलं, आणि ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक वाढलं. आपल्या माणसाजवळ वाटणाऱ्या विश्वासाशी त्याचा संबंध आहे. फोनवर बोललेल्या मुलींचंही जवळजवळ तसंच झालं! आई समोर नव्हती, नुसता आवाज होता, तरी शरीराने तो ओळखला. सिनेमा पाहणाऱ्या मुलींना मात्र तेवढा आराम पडला नाही.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. मंचावर जाण्याआधी छाती धडधडली, तर ‘मी भित्रा आहे’, ‘मी भित्री आहे’ असं मनात आणू नका. तुमचं शरीर तुमच्या बाजूने उभं राहिलंय. दोन-चार श्वास सावकाश सोडा आणि पुढे व्हा. आणि धडधड दिवसेंदिवस थांबतच नसेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मनात ठेवू नका. आई, बाबा, आजी, मामा, शाळेतल्या बाई, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांना सांगा. पॅरिसमधून पदक घेऊन आलेल्या स्वप्नीलनेसुद्धा आपल्या पोटातली कालवाकालव सगळ्या जगाला सांगितली. मग तुम्ही घरात सांगायला कसला संकोच करायचा?